कुरुमानचें घर

इतिहास लिहिणाराची दृष्टि बहुधा रस्त्यावर असते, उंबरठ्यावर नसते. कोणी कोणती नदी प्रथम पाहिली, कोणतें सरोवर कोणत्या सालीं नकाशावर आलें, कोणत्या राजाशीं कोणता तह झाला, हें सर्व तो तारीखवार सांगतो. परंतु तो प्रवासी ज्या घरांतून निघाला त्या घरांत त्या दिवशीं चूल कोणीं पेटविली, आजारी मुलाच्या उशाशीं कोण बसलें होतें, आणि दाणागोटा किती दिवसांचा उरला होता, याची नोंद त्याच्या वहींत क्वचितच सांपडते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हें नांव आपल्याकडे शाळेची पायरी चढलेल्या बहुतेकांस ठाऊक असतें. पण त्याची बायको कोण, तिचें माहेर कोठलें, आणि त्या माहेराशिवाय लिव्हिंग्स्टनचा प्रवास घडला असता काय, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. धर्मासाठीं घर सोडणाऱ्या पुरुषाची गोष्ट त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकली म्हणजे किती निराळी दिसते, हें मराठी वाचकांस लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळें चांगलें माहीत आहे. त्याच दृष्टीनें दक्षिण आफ्रिकेंतील एका मिशनरी घराण्याचा वृत्तांत येथें पाहावयाचा आहे.

या घराण्याचा मूळपुरुष रॉबर्ट मॉफट हा धंद्यानें माळी होता. १७९५ सालीं स्कॉटलंडमधील ऑर्मिस्टन या गांवीं एका गरीब कुटुंबांत त्याचा जन्म झाला. लहानपणींच तो बागकाम शिकला आणि पुढें इंग्लंडांत डकिनफील्ड येथें जेम्स स्मिथ नांवाच्या गृहस्थाच्या रोपवाटिकेंत नोकरीस राहिला. मालकाची मुलगी मेरी ही त्याच्याच वयाची. दोघांचीं मनें जुळलीं. परंतु १८१६ सालीं लंडन मिशनरी सोसायटीनें मॉफटला आफ्रिकेस पाठविण्याचें ठरविलें, तेव्हां मुलीला इतक्या दूर पाठविण्यास आईबाप तयार होईनात. तो एकटाच निघाला व १८१७ च्या आरंभीं केपटाउनला उतरला. मेरी अडीच वर्षे वाट पाहत राहिली. अखेर आईबापांचा विरोध मावळला, आणि १८१९ सालीं ती जहाजावर चढली. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला केपटाउन येथें त्यांचें लग्न झालें. पुढें एकावन्न वर्षे तो संसार चालला, आणि त्यांतील बहुतेक काळ ऑरेंज नदीच्या पलीकडे, कलहारी वाळवंटाच्या कडेला गेला.

तेथें त्सवाना लोकांची बाट्लापिंग नांवाची शाखा राहत असे. मोथिबी हा त्यांचा राजा. या लोकांनीं मिशनऱ्यांस राहूं दिलें, तें त्यांच्या धर्माच्या ओढीनें नव्हे. गोरा मनुष्य गांवांत असला म्हणजे केपकडील व्यापार सुरू होईल, बंदुका व दारू मिळेल, आणि शत्रूवर वचक राहील, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मिशनऱ्यांचा हिशेब निराळा. असे दोन हिशेब एकाच गांवांत नांदूं लागले म्हणजे जें होतें तेंच येथेंहि झालें. मॉफट व त्याचा वडील सहकारी हॅमिल्टन यांनीं आपल्या भाजीच्या वाफ्यांकरितां लांबून पाट काढला होता. वरच्या अंगास राहणाऱ्या बायका तो पाट फोडून पाणी आपल्या शेतांत घेत. मग भर उन्हांत कुदळी घेऊन हे दोघे धर्मोपदेशक पाट बुजवावयास जात. मॉफटनें आपल्या ग्रंथांत हा त्रास रंगवून सांगितला आहे. पण जेथें घोटभर पाण्यास मोल आहे तेथें परक्यानें येऊन पाण्याची वाट वळवावी आणि गांवच्या बायकांनीं स्वस्थ बसावें, ही अपेक्षाच मुळीं चमत्कारिक होती. पाणी कोणाचें, हा प्रश्न त्या बायकांच्या बाजूनेंहि विचारावयास हवा.

त्यांतच दुष्काळ पडला. पाऊस पाडणारा मांत्रिक बोलावण्यांत आला. त्याचे उपाय हरले, तेव्हां दोष मिशनऱ्यांच्या प्रार्थनेवर व घंटेवर आला. एके दिवशीं राजाकडील मंडळी भाले घेऊन मॉफटच्या झोंपडीपुढें उभी राहिली आणि त्यानें देश सोडावा असें सांगूं लागली. मॉफटनें छातीवरचें वस्त्र बाजूस सारून सांगितलें कीं, मला घालवावयाचें असेल तर भालाच वापरावा लागेल. ही हकीगत मॉफटच्या चरित्रकारांनीं मोठ्या अभिमानानें सांगितली आहे. परंतु त्या वेळीं तान्हें मूल कडेवर घेऊन मेरी दारांतच उभी होती, ही गोष्ट त्यांच्या वर्णनांत ओझरती येऊन जाते. मरणास तयार होणें हें एका मनुष्याचें धैर्य झालें. त्याच्या मरणानंतर परक्या मुलखांत लेकरांसह उरण्यास तयार होणें, हें दुसरें.

पुढें जून १८२३ मध्यें दुष्काळानें व युद्धानें देशोधडीस लागलेल्या टोळ्यांचा मोठा लोंढा या प्रदेशावर चालून आला. मॉफटनें ग्रिक्वा लोकांचे बंदूकधारी घोडेस्वार मदतीस आणविले आणि डिथाकोंग येथें तो लोंढा परतविला गेला. तेव्हांपासून मॉफटचा शब्द चालूं लागला. प्रेमाच्या धर्माचा पाया त्या भूमींत प्रथम बंदुकीच्या आवाजानें घट्ट झाला, ही विसंगति इतिहासानें झांकून ठेवूं नये.

लवकरच मिशनचें ठाणें कुरुमानच्या खोऱ्यांत हलविण्यांत आलें. तेथील झऱ्यास लोक ‘डोळा’ म्हणतात. दररोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी त्या खडकांतून बाहेर पडतें, आणि तें दुष्काळांतहि आटत नाहीं. मॉफटमधील माळी येथें पुन्हां जागा झाला. पाट, फळझाडें, भाजीपाला, गहूं यांनीं तें खोरें हिरवें झालें. लोहारकाम, सुतारकाम, गवंडीकाम सर्व त्यानें स्वतः केलें. दगडी प्रार्थनामंदिर १८३८ सालीं पुरें झालें. त्याच्या छपराच्या तुळया दोनशें मैलांवरून बैलगाड्यांनीं ओढून आणाव्या लागल्या. तें मंदिर आजहि उभें आहे.

परंतु ठाणें म्हणजे केवळ मंदिर नव्हे. ठाणें म्हणजे घर. केपटाउन तेथून सुमारे सहाशें मैल. बैलगाडीनें जावयास आठवड्यांमागून आठवडे लागत. सामानसुमान वर्षा-दोन वर्षांचें एकदम भरावें लागे, आणि तें संपलें म्हणजे संपलें. साबण घरीं, मेणबत्त्या घरीं, पाव घरीं, कपडे घरीं. मेरीनें माहेरीं लिहिलेल्या पत्रांपैकीं एकांतील मजकूर मराठी वाचकास विशेष मौजेचा वाटेल. घरांतील जमीन आठवड्यांतून एकदां तरी शेणानें सारवावी लागते, हें ती संकोचानें कळविते. प्रथम तिला त्याची किळस आली होती; परंतु धूळ दबते, पिसवा मरतात, आणि खोली गार राहते, असें अनुभवास आल्यावर तीच सारवणाच्या दिवसाची वाट पाहूं लागली. इंग्लंडांतील तिच्या नातेवाइकांस हें वाचून काय वाटलें असेल तें असो. आपल्याकडील कोणतीहि आजीबाई म्हणाली असती, ‘बरें झालें, पोरगी शहाणी झाली!’ शिकवावयास गेलेली बाई प्रथम शिकली ती अशी, आणि तिला शिकविलें तें त्या गांवच्या बायकांनीं.

दुसरी एक चाल आपल्यास ओळखीची आहे. त्सवाना लोकांत बाईस तिच्या पहिल्या अपत्याच्या नांवानें हांक मारतात. आपण ‘बाळूची आई’ म्हणतों तसेंच तें. १८२१ सालीं मॉफटना पहिली मुलगी झाली, तिचें नांव आईचेंच, मेरी ठेवलें. तेव्हांपासून आई ‘मा-मेरी’ झाली. ही लेक पुढें लिव्हिंग्स्टनची बायको झाली व तिला रॉबर्ट नांवाचा मुलगा झाला, तेव्हां ती ‘मा-रॉबर्ट’ झाली. गोऱ्या बाईला गांवानें आपल्या पद्धतीनें नांव द्यावें, याचा अर्थ गांवानें तिला आपल्या मोजमापांत बसवून घेतलें. राजास गोरा पाहुणा बंदुकांसाठीं हवा होता. गांवच्या बायकांस मात्र ही एक मुलांची आई होती, आणि आई या नात्यानें तिच्याशीं बोलतां येत होतें.

आठ-नऊ वर्षे झालीं तरी कुरुमानला एकहि मनुष्य ख्रिस्ती झाला नव्हता. विलायतेंतील मंडळी खर्चाचा हिशेब विचारूं लागली होती. अशा दिवसांत शेफील्डच्या एका मैत्रिणीनें, काय पाठवूं म्हणून विचारलें, तेव्हां मेरीनें प्रभुभोजनाच्या विधीचीं भांडीं मागितलीं. विधि करावयास माणसें नव्हतीं, आणि बाईनें भांडीं मागविलीं! तीं वाटेंत फार रेंगाळलीं. १८२९ सालीं पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीं तीं कुरुमानला येऊन पोहोंचलीं. या योगायोगांत भाविकांनीं ईश्वराचा हात पाहिला. आपण निदान एवढें पाहावें कीं, उपदेशकाचा धीर सुटत चालला असतां ठाण्याची आशा जिनें धरून ठेवली ती घरधनीण होती.

मॉफटचें खरें चिरस्थायी कार्य भाषेचें. आरंभीं तो दुभाष्यामार्फत बोले; दुभाषे मनास येईल तें सांगत. शेवटीं १८२७ सालीं तो घर सोडून कांहीं आठवडे बारोलोंग लोकांत एकटा जाऊन राहिला आणि बोली शिकून आला. तेवढे दिवस ठाणें अर्थातच मेरीनें सांभाळलें. १८३० मध्यें लूकचें शुभवर्तमान त्सवाना भाषेंत केपटाउनला छापलें. तेथेंच तो छापण्याची कला शिकला व १८३१ सालीं हातछापखाना घेऊन कुरुमानला परतला. ज्या सालीं मोल्सवर्थचा मराठी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला, तेंच हें साल. नवा करार १८४० त लंडनला निघाला, आणि संपूर्ण बायबल १८५७ सालीं कुरुमानलाच छापून पुरें झालें.

या भाषांतरांत एक शब्द मात्र असा पडला कीं त्याचे पडसाद अजून विरले नाहींत. त्सवाना लोक परमेश्वरास ‘मोदिमो’ म्हणतात, आणि घराण्याच्या मृत पूर्वजांस, म्हणजे आपल्या भाषेंत पितरांस, ‘बादिमो’ म्हणतात. मॉफटनें मोदिमो हा शब्द ख्रिस्ती देवासाठीं घेतला, तें ठीकच. पण बायबलांत जेथें भुतेंपिशाच्चें आलीं तेथें त्यानें ‘बादिमो’ घातलें. एखाद्यानें मराठींत ग्रंथ छापावा आणि त्यांत पिशाच्च या अर्थीं सरसकट ‘पितर’ म्हणावें, तर श्राद्धपक्ष पाळणाऱ्या घरांत काय वाटेल याची कल्पना करावी. ज्यानें त्या भाषेला छापील अक्षर दिलें त्यानेंच तिच्या बोलणारांच्या आजोबा-पणजोबांस भुतांत ढकललें. उपकार आणि अपकार एकाच हातानें, एकाच पानावर झाले. हा हेतुपुरस्सर द्वेष नव्हता. मॉफटला आपल्या शेजाऱ्यांचे दोष लवकर दिसत. त्यांच्या श्रद्धेचें मर्म समजून घेण्याची निकड त्याला कधीं वाटली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

घराची किंमत मुलांनींहि दिली. मॉफटांस दहा मुलें झालीं. त्यांतील तीन लहानपणींच गेलीं. जीं वांचलीं त्यांस शिक्षणासाठीं शेंकडों मैल दूर ठेवावें लागे, आणि आईची व त्यांची भेट वर्षांनीं होई. १८३९ सालीं कुटुंब विलायतेस निघालें, तेव्हां केपच्या बंदरांत जहाजावरच मेरीला मुलगी झाली, आणि त्याच सुमारास सहा वर्षांचा मुलगा तेथेंच दगावला. सुवेर आणि सुतक एकाच खोलींत. तरी ती १८४३ सालीं पुन्हां कुरुमानला परतली.

याच विलायतेच्या मुक्कामांत मॉफटची भाषणें ऐकून व त्याला भेटून एका तरुण डॉक्टरानें चीनऐवजीं आफ्रिकेस जाण्याचें ठरविलें. तो डेव्हिड लिव्हिंग्स्टन. १८४१ मध्यें तो कुरुमानला आला. १८४४ सालीं सिंहानें त्याचा दंड चावून मोडला. त्या दुखण्यांतून उठतांना तो मॉफटांच्या घरीं राहिला, आणि बागेंतील बदामाच्या झाडाखालीं त्यानें थोरल्या मेरीच्या थोरल्या मुलीस मागणी घातली. जानेवारी १८४५ मध्यें लग्न झालें. ही धाकटी मेरी आफ्रिकेंतच जन्मलेली, त्सवाना भाषा खेळतां खेळतां शिकलेली, आणि बैलगाडीच्या प्रवासास सरावलेली. तिच्या नवऱ्यापाशीं तेव्हां कीर्ति नव्हती. तिच्यापाशीं त्या देशाचें ज्ञान होतें.

१८४७ पासून त्यांचें बिऱ्हाड कोलोबेंग येथें, बाक्वेना लोकांच्या सेचेले नांवाच्या राजाजवळ होतें. लिव्हिंग्स्टननें तेथील दिनक्रम स्वतः लिहून ठेवला आहे. पहांटे प्रार्थना, मग न्याहारी, मग अकरा वाजेपर्यंत लहानथोरांची शाळा. त्यानंतर नवरा लोहारकामास किंवा बागेंत, बायको घरकामांत. दुपारच्या विश्रांतीनंतर मेरीची बालशाळा भरे. तिला शंभरापर्यंत मुलें येत. कधीं त्याऐवजीं मुलींस शिवण शिकवी. पाव भाजावयाचा तो वारुळ पोखरून केलेल्या भट्टींत. गांवच्या लोकांस मिशन म्हणून जें प्रत्यक्ष दिसे तें हेंच होतें: एक शाळा, एक औषधाची पेटी, आणि जिच्या दारांत केव्हांहि जावें अशी बाई.

सेचेले हा मोठा बुद्धिमान पुरुष. थोड्या दिवसांत तो वाचावयास शिकला, आणि १८४८ सालीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. अट अशी कीं, एक बायको ठेवून बाकीच्या बायका सोडाव्या. त्यानें त्यांस कपडे व सामान देऊन सन्मानानें माहेरीं पाठविलें. पण या बायका मेरीच्या शाळेंतील उत्तम विद्यार्थिनी होत्या, आणि त्यांचीं माहेरें म्हणजे राज्यांतील वजनदार घराणीं. एका घराच्या पावित्र्याकरितां चार घरें दुखावलीं गेलीं. गांव मिशनवर रुष्ट झालें. कांहीं महिन्यांतच सोडलेल्या एका बायकोस राजापासून दिवस गेले, आणि लिव्हिंग्स्टननें त्याला प्रभुभोजनाच्या विधींतून दूर ठेवलें. लिव्हिंग्स्टनच्या खातीं हा एकच बाप्तिस्मा प्रसिद्ध आहे, आणि तोहि असा मोडका ठरला. परंतु पुढील हकीगत अशी कीं, लिव्हिंग्स्टन निघून गेल्यावर सेचेलेनें स्वतःच वाचन, प्रार्थना व उपदेश चालू ठेवला, आणि १८९२ सालीं मरेपर्यंत त्यानें आपल्या व आसपासच्या लोकांत तो धर्म जितका पसरविला तितका कोणाहि गोऱ्या उपदेशकास साधला नाहीं. त्यानें पाऊस पाडण्याचे जुने विधिहि पूर्ण टाकले नाहींत. मिशनऱ्यांस तें पाखंड वाटलें. त्याच्या लोकांस त्यामुळें नवा धर्म आपला वाटला.

कोलोबेंगलाहि पावसानें दगा दिला. नदी आटली, मासे मेले, लोक अन्नासाठीं पांगले. लिव्हिंग्स्टनचें मन मात्र उत्तरेकडे लागलें होतें. १८४९ मध्यें त्यानें न्गामी सरोवर गांठलें. पुढच्या वर्षीं तो बायको व तीन लहान मुलें घेऊन पुन्हां निघाला. मेरी गरोदर होती. सरोवराकांठीं मुलांस तापानें घेरलें, आणि परतावें लागलें. ऑगस्ट १८५० मध्यें कोलोबेंगला मुलगी झाली. ती सहा आठवड्यांची होऊन वारली, आणि आईचा अर्धा चेहरा कांहीं काळ लुळा पडला. एवढें होऊनहि १८५१ सालीं तिसऱ्या प्रवासास सर्व कुटुंब निघालें. मेरी पुन्हां गरोदर. आतां मात्र कुरुमानच्या आजीबाईंना राहवेना. गरोदर लेकीला तान्ह्या लेकरांसह तापाच्या रानांत फरफटत नेणें हा कोणता धर्म, अशा आशयाचें खरमरीत पत्र त्यांनीं जांवयास धाडलें. जिनें स्वतः तीस वर्षे वाळवंट सोसलें होतें, तिचें हें पत्र होतें. तें कोणा नाजूक बाईचें रडगाणें नव्हतें. जांवई थांबला नाहीं. वाटेंत पाणी संपलें. मुलें तहानेनें मरतात कीं काय, अशी वेळ आली. बायकोनें दोषाचा एक शब्दहि काढला नाहीं, तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतें, असें नवऱ्यानेंच नमूद केलें आहे. परतीच्या वाटेवर नदीकांठीं मुलगा जन्मला.

तेव्हां लिव्हिंग्स्टनला कळलें कीं, घर आणि प्रवास दोन्ही साधणार नाहींत. एप्रिल १८५२ मध्यें त्यानें बायको व चार मुलें केपटाउनहून विलायतेस रवाना केलीं. त्याच वर्षीं बोअर लोकांनीं सेचेलेवर स्वारी केली, आणि कोलोबेंगचें रिकामें घर लुटून टाकलें. पुढें साडेचार वर्षे लिव्हिंग्स्टन आफ्रिका आडवी ओलांडीत होता, आणि जिला इंग्लंड हा परदेशच होता ती मेरी चार मुलांसह भाड्याच्या खोल्यांतून, अपुऱ्या पैशांवर, सासरच्यांशीं न पटतां दिवस काढीत होती. डिसेंबर १८५६ मध्यें तो परतला तो राष्ट्राचा वीर होऊन. १८५८ सालीं तो झांबेझी नदीवरील सरकारी मोहिमेवर निघाला, तेव्हां ती हट्टानें बरोबर निघाली. पण जहाजावर पुन्हां दिवस गेल्याचें दिसून आल्यानें तिला केपला उतरावें लागलें. ती माहेरीं कुरुमानला गेली, आणि तेथें मुलगी झाली. त्या मुलीनें बापाचें तोंड प्रथम पाहिलें तें १८६४ सालीं, पांच वर्षांची झाल्यावर. इकडे झांबेझीवर मोहिमेच्या आगबोटीस नांव दिलें होतें ‘मा-रॉबर्ट’! बाईचें नांव बोटीस मिळालें, बोटींतली जागा बाईस मिळाली नाहीं. अखेर १८६२ च्या आरंभीं ती नवऱ्याजवळ पोहोंचली, आणि तीन महिन्यांत, २७ एप्रिलला, शुपांगा येथें तापानें वारली. वय एकेचाळीस. एका गोरखचिंचेच्या झाडाखालीं तिला पुरलें. थोरला मुलगा रॉबर्ट बापापासून दुरावून अमेरिकेस गेला, दुसऱ्याच नांवानें तेथील यादवी युद्धांत शिपाई झाला, आणि १८६४ सालीं कैदेंत मरण पावला.

हें एकट्या लिव्हिंग्स्टनच्या घरीं घडलें असें नाहीं. त्याच्या सांगण्यावर विश्वासून हेल्मोर व प्राइस या दोन मिशनऱ्यांचीं कुटुंबें १८५९ सालीं कुरुमानहून माकोलोलो लोकांकडे, लिन्यांतीस निघालीं. १८६० मध्यें तेथें हेल्मोर, त्याची बायको, त्यांच्या चार मुलांपैकीं दोन, आणि प्राइसचें तान्हें मूल तापानें गेलीं. बरोबरचे कांहीं त्सवाना सोबतीहि गेले. परततांना प्राइसची बायकोहि वाटेंत वारली. लिव्हिंग्स्टन त्या बाजूस पोहोंचला तो सर्व आटोपल्यावर. ही वार्ता कुरुमानला आली. आणि १८६१ सालीं मॉफटांची मुलगी बेसी, जहाजावर जन्मलेली तीच, या विधुर प्राइसशीं लग्न करून त्याच मार्गास लागली. या घराण्याचें धैर्य म्हणावें कीं सवय म्हणावी, हें ठरविणें कठीण आहे.

मग या सर्वांतून निष्पन्न काय झालें? एका पक्षानें सांगावें कीं, मिशनऱ्यांनीं साम्राज्याची वाट झाडून दिली. त्यास पुरावा आहे. मॉफटचा मुलगा जॉन हा प्रथम मिशनरी, पुढें सरकारी अधिकारी झाला. बापाची म्झिलिकाझी राजाशीं जी मैत्री होती तिच्या बळावर त्यानें १८८८ सालीं त्याच्या मुलाकडून, लोबेंगुलाकडून, तहावर खूण मिळविली, आणि त्याच वाटेनें ऱ्होड्सची कंपनी त्या देशांत शिरली. पुढें कंपनीचें वर्तन जॉनला स्वतःलाहि रुचलें नाहीं. पण तोंवर वेळ टळली होती. दुसऱ्या पक्षासहि पुरावा आहे. १८९५ सालीं खामा, बाथोएन व सेबेले हे तीन त्सवाना राजे विलोबी नांवाच्या मिशनऱ्यास बरोबर घेऊन इंग्लंडास गेले, गांवोगांव सभांतून बोलले, आणि आपला बहुतेक मुलूख त्याच ऱ्होड्सच्या कंपनीच्या हातीं जाण्यापासून त्यांनीं वांचविला. हा सेबेले म्हणजे कोलोबेंगच्या सेचेलेचा मुलगा. तोच मुलूख १९६६ सालीं बोत्स्वाना या नांवानें स्वतंत्र झाला. एकाच घराच्या ओसरीवरून दोन्ही वाटा निघाल्या. त्यांपैकीं एकच दाखवून दुसरी झांकणारा इतिहास पुरता प्रामाणिक नव्हे.

या कथेचा एक धागा आपल्या प्रांतांतहि येतो. १८६४ सालीं लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईस आला, तेव्हां गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून सोडविलेला चुमा नांवाचा मुलगा त्याच्याबरोबर होता. त्याला त्यानें डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवलें. अरबी समुद्रांत इंग्रजी आरमारानें गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें त्या काळीं नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या वस्तींत वाढत. १८६५ त लिव्हिंग्स्टननें तेथील नऊ तरुण आपल्या अखेरच्या प्रवासाकरितां निवडले, आणि १८७२ सालीं शरणपुरांतच शिकलेला जेकब वेनराइट मागाहून त्या काफिल्यास मिळाला. मे १८७३ मध्यें चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हां जवळ ना बायको, ना मूल, ना कोणी गोरा मनुष्य. चुमा, मूळचा शुपांग्याकडील सुसी, आणि ही नाशिककर मंडळी यांनीं त्याचें हृदय झाडाखालीं पुरलें. वेनराइटनें प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. आणि शेंकडों मैल खांद्यावरून देह समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन झालें, तेव्हां शवपेटीबरोबर मान्यवरांच्या रांगेंत वेनराइट चालत होता, आणि वृद्ध मॉफटहि हजर होता. ज्यानें आपलें घर मोडलें, त्याचें अखेरचें घरपण ज्यांस स्वतःचें घर कधीं लाभलें नाहीं अशा पोरक्या मुलांनीं केलें. मा-मेरी मात्र हें पाहावयास नव्हती. १८७० सालीं नवऱ्याबरोबर ती विलायतेस परतली, आणि पुढच्याच जानेवारींत वारली. मॉफट १८८३ पर्यंत जगला.

थोर कार्यास घराचा बळी लागतोच, असें आपल्याकडेहि मोठ्या सहजपणें म्हणण्यांत येतें. कुरुमानचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्या ठाण्यावर घर टिकलें तेथें पन्नास वर्षांत भाषा छापली गेली, शाळा चालल्या, आणि मंदिर उभें राहिलें. ज्या मोहिमेनें घर मोडलें तिच्यांतून नकाशा सुधारला, परंतु झांबेझीकांठीं थडग्यांखेरीज फारसें कांहीं उरलें नाहीं. बळी देणारा आणि बळी जाणारा हे बहुधा एक नसतात, हेंहि तो इतिहास सांगतो. मोठ्या पुरुषांच्या चरित्रांतून पुढें जातांना वाचकानें प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं एकदां त्या माणसाच्या घरांत डोकावून यावें. तेथें जें दिसेल त्यानें थोरवी नेहमींच कमी होते असें नाहीं. पण ती कोणाकोणांत वांटावयाची, याचा हिशेब अधिक खरा होतो.